असेंब्लीतले कॉन्टॅक्ट कसे तपासावेत: सिम्युलेशन शिकणाऱ्यांसाठी

असेंब्लीच्या सिम्युलेशनचं उत्तर चुकलं की संशय आधी मेशवर (पार्टचे गणितासाठी केलेले बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट, यांच्या जाळ्यावर) जातो, मग मटेरियलच्या आकड्यांवर. चूक मात्र बरेचदा दोन पार्ट जिथे एकमेकांना टेकतात तिथे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या भाषेत कॉन्टॅक्टमध्ये, असते. तिचे दोन प्रकार आहेत. हवा तो कॉन्टॅक्ट राहून गेला तर पार्ट सुटा राहतो, सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) अडतो आणि चूक लगेच उघडी पडते. नको तो कॉन्टॅक्ट तयार झाला तर सॉल्व्हर अवाक्षर काढत नाही. उलट गणित सहज सुटतं, चित्र सुंदर दिसतं आणि आकडे चुकलेले असतात. खालच्या पायऱ्यांचा बराचसा भर या दुसऱ्या प्रकारावर आहे, कारण तो शोधायला गेल्याशिवाय सापडत नाही.

मेनूंची नावं मुख्यतः ॲन्सिस मेकॅनिकलमधली दिली आहेत. अबॅकस, एलएस-डायना किंवा फुकट मिळणारं प्रीपोमॅक्स वापरत असाल तरी क्रम हाच राहतो. जिथे वागणूक वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

उदाहरणासाठी घेतलेली असेंब्ली

१२ मिमी जाडीची बेस प्लेट. तिच्यावर १० मिमी जाडीचा एल-ब्रॅकेट, एम१२ च्या दोन बोल्टांनी आवळलेला. प्रत्येक बोल्टला डोक्याखाली एक आणि नटाखाली एक असे दोन वॉशर. ब्रॅकेटच्या उभ्या पायाला वरच्या टोकाला ५० मिमी बाहेरच्या व्यासाचा गोल डोळा, आणि त्यात २५ मिमी व्यासाचा, आतून १८ मिमीचा स्टीलचा बुश प्रेस फिटने, म्हणजे होलापेक्षा किंचित मोठा ठेवून दाबून, बसवलेला. प्लेट १, ब्रॅकेट १, बोल्ट २, वॉशर ४, नट २, बुश १, म्हणजे एकूण ११ पार्ट.

यातली मापं अशी: एम१२ साठी मध्यम फिटचं होल १३.५ मिमी. वॉशर आतून १३, बाहेरून २४ आणि जाडीला २.५ मिमी. बुशचं फिट एच७/पी६ (होल आणि बुश यांच्या मापांत किती फरक चालेल ते सांगणारं चिन्ह). २५ मिमी व्यासाला होल ० ते +२१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि बुश +२२ ते +३५ मायक्रॉन, म्हणजे व्यासावरचा इंटरफेरन्स (बुश होलापेक्षा जितका मोठा तेवढं माप) १ ते ३५ मायक्रॉनच्या दरम्यान.

पायरी १: जोड्या कागदावर लिहा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी ड्रॉइंग समोर घ्या आणि कोणता पार्ट कोणाला टेकतो ते लिहून काढा. प्रत्येक बोल्टसाठी पाच जोड्या होतात: डोकं आणि वरचा वॉशर, वरचा वॉशर आणि ब्रॅकेट, प्लेट आणि खालचा वॉशर, खालचा वॉशर आणि नट, नट आणि बोल्टचे आटे. दोन बोल्टांच्या मिळून दहा. त्यात ब्रॅकेट आणि प्लेटची एक, बुश आणि डोळ्याची एक. एकूण १२.

आता दुसरी यादी, आणि हीच बहुतेक जण करत नाहीत: जवळ आहेत पण टेकत नाहीत अशा जोड्या. बोल्टचा दांडा १२ मिमी आणि होल १३.५ मिमी, म्हणजे चहूबाजूंनी ०.७५ मिमी फट. ब्रॅकेटमधलं होल आणि प्लेटमधलं होल धरून दोन बोल्टांच्या अशा चार जोड्या. दांडा आणि वॉशरचं आतलं होल यांत ०.५ मिमी फट, अशा आणखी चार. ही आठ नावं कागदावर ठळक लिहा. ऑटोमॅटिक शोधात घुसणाऱ्या खोट्या जोड्या बहुधा यांतल्याच असतात.

प्रत्येक ओळीपुढे चार गोष्टी हव्यात: फट किती अपेक्षित आहे, घर्षण आहे का, पृष्ठभाग एकमेकांपासून सुटू शकतात का, आणि त्या जोडीतून साधारण किती बळ जाणार. शेवटचा रकाना आत्ता रिकामा राहिला तरी चालेल, तो सातव्या पायरीत लागेल.

पायरी २: कॅडमधली तपासणी

आधी एकक. प्लेटची जाडी मोजा. १२ ऐवजी ०.४७२ दिसली तर मॉडेल इंचात आलं आहे, आणि ३०४.८ दिसली तर मिलिमीटरचा आकडा इंच समजून वाचला गेला आहे. मग पार्टची संख्या मोजा. ११ ऐवजी १२ आले तर बहुधा एखादा वॉशर एकावर एक दोनदा आहे. दिसायला एकच दिसतो, पण वस्तुमान वाढतं आणि दोन्ही प्रती वेगवेगळ्या जोड्या करतात.

नंतर इंटरफेरन्सची तपासणी चालवा. सॉलिडवर्क्समध्ये हे टूल ‘इव्हॅल्युएट’ टॅबमध्ये असतं, आणि फट मोजायचं क्लिअरन्स व्हेरिफिकेशनही तिथेच मिळतं. ‘ट्रीट कोइन्सिडन्स ॲज इंटरफेरन्स’ हा पर्याय आधी बंद ठेवा, म्हणजे फक्त खरोखर एकमेकांत घुसलेले पार्ट दिसतील. मग तोच पर्याय चालू करून पुन्हा चालवा. आता नेमके टेकलेले पृष्ठभागही यादीत येतात. दोन्ही याद्यांतला फरक म्हणजे तंतोतंत टेकणाऱ्या जोड्या. कागदावरची जोडी दोन्ही याद्यांत नसेल तर तिथे फट आहे.

या तपासणीत आट्यांच्या जागी हमखास ओरड होते. नटाचं होल आट्याच्या आतल्या व्यासाने, म्हणजे १०.२ मिमीच्या आसपास काढलेलं असतं आणि बोल्ट १२ मिमीचा साधा दंडगोल असतो. ही चूक नाही, पण तशीच पुढे नेऊ नका. नटाचं होल १२ मिमी करा आणि ती जोडी पुढे बॉन्डेड, म्हणजे चिकटवलेली, ठेवा. आट्यांमधला ताण हाच अभ्यासाचा विषय असेल तर मात्र आटे काढावेच लागतात, पण ते काम वेगळं आणि बरंच मोठं आहे.

बुश कसा काढायचा हा प्रश्न इथेच सोडवा. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे बुश आणि डोळा दोन्ही बरोबर २५.००० मिमी ठेवायचे आणि इंटरफेरन्सचा आकडा कॉन्टॅक्टमध्ये ऑफसेट (पृष्ठभाग किती सरकलेला धरायचा ते अंतर) म्हणून द्यायचा. भूमितीत १७ मायक्रॉन ओव्हरलॅप काढला तर मेश तो गिळून टाकू शकतो. कसा, ते पाचव्या पायरीत येईल.

नको तिथल्या फटी बहुतेक वेळा दोन कारणांनी येतात. एक, असेंब्लीत पार्ट मेट (दोन पार्टांची जागा बांधणारी अट) न लावता नुसता डोळ्यांनी जुळवून ठेवलेला असतो. दुसरं, शीट मेटलचा पार्ट आणि त्याला टेकणारा पार्ट वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या जाड्या धरून काढलेले असतात. ०.०२ मिमीची फट पडद्यावर कधीच दिसत नाही. ती मोजूनच कळते.

याच टप्प्यावर दोन छोटी कामं उरकून घ्या. वॉशरचा २४ मिमीचा गोल ब्रॅकेटच्या आणि प्लेटच्या पृष्ठभागावर इंप्रिंट करा, म्हणजे त्याची रेघ तिथे उमटवा, म्हणजे संपर्काची जागा मेशमध्ये नीट उमटते. आणि बोल्टच्या दांड्याचा फेस (कॅडमधला पृष्ठभाग) नटाच्या उंचीवर तोडा. दांडा डोक्यापासून टोकापर्यंत एकच फेस असेल तर नटाची बॉन्डेड जोडी आणि बोल्टचं प्रीटेन्शन (आवळल्यामुळे आलेला ताण) दोन्ही त्याच फेसवर बसतात. मग आवळण्याचं बळ नेमकं कुठल्या भागात लागलं याचा घोळ होतो.

पायरी ३: ऑटोमॅटिक शोध, पण लगाम धरून

ॲन्सिस मेकॅनिकलमध्ये भूमिती आत येताच ‘कनेक्शन्स’खाली जोड्या आपोआप तयार होतात, आणि मूळ सेटिंगप्रमाणे सगळ्या बॉन्डेड असतात. किती अंतरापर्यंतचे फेस जोडी मानायचे हे टॉलरन्स स्लायडरवर ठरतं. तो −१०० ते +१०० असा आहे. −१०० कडे शोध सैल होतो, जोड्या वाढतात. +१०० कडे घट्ट होतो, जोड्या कमी होतात. या स्लायडरचं मिलिमीटरमधलं अंतर संपूर्ण मॉडेलच्या आकारावरून काढलं जातं. त्यामुळे आज नुसत्या ब्रॅकेटला नीट चाललेला स्लायडर उद्या दोन मीटरच्या फ्रेममध्ये तोच ब्रॅकेट ठेवला की जास्त अंतरावरच्या जोड्या पकडतो, आणि दांडा-होलाच्या खोट्या जोड्या आत येतात.

म्हणून टॉलरन्सचा प्रकार ‘व्हॅल्यू’ करा आणि आकडा स्वतः द्या. आपल्या असेंब्लीत सगळ्यात लहान मुद्दाम ठेवलेली फट ०.५ मिमी आहे. ०.१ मिमी दिलं तर आठही खोट्या जोड्या बाहेर राहतात आणि कॅडमधल्या बारीक चुका पोटात घेतल्या जातात. ०.८ दिलं तर १२ ऐवजी २० जोड्या येतील.

प्रीपोमॅक्समध्ये कॉन्टॅक्ट पेअर शोधायच्या टूलमध्ये अंतर आणि कोन असे दोन आकडे द्यावे लागतात, आणि अबॅकसमधल्या ‘फाइंड कॉन्टॅक्ट पेअर्स’मध्येही अंतर आपणच ठरवायचं असतं. नियम तोच: मुद्दाम ठेवलेल्या सगळ्यात लहान फटीपेक्षा बराच कमी आकडा.

यादी तयार झाली की कागदाशी ताडून पाहा. जोड्यांना ‘कॉन्टॅक्ट रीजन ७’ अशी नावं असतात, ती ‘रीनेम बेस्ड ऑन डेफिनिशन’ने बदलून घ्या, म्हणजे दोन्ही पार्टची नावं दिसतात. त्यासाठी पार्टची नावं आधीच अर्थपूर्ण हवीत. चार वॉशरांना एकच नाव असेल तर ताडणं अशक्य होतं. एकच जोडी दोनदा आली आहे का ते बघण्यासाठी डुप्लिकेट शोधायची सोय आहे, आणि ‘गो टू’मधून एकही कॉन्टॅक्ट नसलेले पार्ट काढता येतात. ही शेवटची यादी रिकामी असली म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरू नका. वॉशर डोक्याला जोडलेला आहे पण ब्रॅकेटला नाही, तरी तो या यादीत येणार नाही. कागदावरच्या बाराही ओळींवर एकेक करून टिक करण्याला पर्याय नाही.

पायरी ४: प्रत्येक जोडीचा प्रकार

बॉन्डेड म्हणजे चिकटवलेलं: सरकत नाही, सुटत नाही. नो सेपरेशन म्हणजे सुटत नाही पण पृष्ठभागावर सरकू शकतं. फ्रिक्शनल म्हणजे सुटू शकतं आणि घर्षणाची मर्यादा ओलांडली की सरकतं. फ्रिक्शनलेस म्हणजे सुटू शकतं आणि अडथळ्याविना सरकतं.

आपल्या ब्रॅकेटमध्ये नट आणि आटे बॉन्डेड. ब्रॅकेट आणि प्लेट फ्रिक्शनल, स्टीलवर स्टीलला गुणांक ०.१५ धरून. वॉशरच्या सगळ्या जोड्याही फ्रिक्शनल. बुश फ्रिक्शनल, ऑफसेटसह. दांडा आणि होल यांच्यात काहीही नको. जोड सरकून दांडा होलाला आदळतो का हेच बघायचं असेल तर तिथे फ्रिक्शनलेस द्या, बॉन्डेड कधीही नाही.

दांडा होलाला बॉन्डेड राहिला तर काय होतं ते नीट समजून घ्या. दांडा ताणला की त्याचं बळ डोक्यातून वॉशरकडे जाण्याऐवजी होलाच्या भिंतीतच उतरतं. ब्रॅकेट आणि प्लेट यांच्यावर हवा तेवढा दाब येत नाही. आडवं बळ लावल्यावर मात्र ब्रॅकेट तसूभरही सरकत नाही, कारण दांडा होलात चिकटलेला आहे. जोड प्रत्यक्षापेक्षा कडक आणि भक्कम दिसतो, आणि असा निकाल बघून कोणालाच संशय येत नाही.

कॉन्टॅक्ट आणि टार्गेट या बाजू निवडताना बारीक मेशची, मऊ किंवा बहिर्गोल बाजू कॉन्टॅक्ट करा. जाड मेशची, कडक आणि मोठी बाजू टार्गेट. वॉशर-ब्रॅकेट जोडीत वॉशर कॉन्टॅक्ट, ब्रॅकेट टार्गेट.

पातळ पार्ट शेलने, म्हणजे जाडी फक्त आकड्यात देऊन नुसत्या पृष्ठभागाने, काढत असाल तर एक इशारा. मिडसरफेस (जाडीच्या मधोमध जाणारा पृष्ठभाग) काढल्यावर १२ आणि १० मिमीच्या प्लेटांमध्ये ११ मिमी मोकळी जागा दिसते. ॲन्सिसमध्ये ‘शेल थिकनेस इफेक्ट’ चालू केल्याशिवाय ती खरी फट धरली जाते. एलएस-डायनाचा टाइड (बांधून टाकणारा) कॉन्टॅक्ट दोन्ही जाड्यांच्या बेरजेच्या ०.६ पट अंतरापर्यंत नोड (एलिमेंटचे बिंदू) बांधतो. इथे ते १३.२ मिमी येतं, त्यामुळे ११ मिमीवरचे नोड बांधले जातात. पण मिडसरफेस काढताना एक प्लेट अडीच मिमी सरकली तर अंतर १३.५ होतं आणि तो जोड सुटतो.

पायरी ५: मेश झाल्यावर भूमिती बदलते

कॅडमध्ये तंतोतंत टेकलेले दोन दंडगोल मेशमध्ये तसे राहत नाहीत, हे नव्या माणसाच्या लक्षात उशिरा येतं. सरळ कडांच्या एलिमेंटनी वर्तुळ काढलं की ते बहुभुज होतं. जीवा आणि कंस यांच्यातलं अंतर त्रिज्या × (१ − कोज्या(१८०° ÷ एलिमेंटची संख्या)) इतकं असतं.

बुशची त्रिज्या १२.५ मिमी. परिघावर २४ एलिमेंट, म्हणजे साधारण ३.३ मिमीचा मेश घेतला तर हे अंतर ०.१०७ मिमी येतं. बुशचा इंटरफेरन्स त्रिज्येवर जास्तीत जास्त ०.०१७५ मिमी आहे. म्हणजे मेशची चूक प्रेस फिटच्या सहापट. बुश आणि डोळा यांचे नोड समोरासमोर नसतील तर काही जागी बुशचा कोपरा डोळ्यात घुसलेला आणि बाजूलाच फट असं आलटून पालटून दिसतं, आणि दाबाच्या चित्रात ठिपक्याठिपक्यांची नक्षी उमटते. एलिमेंट ७२ केले, म्हणजे १.१ मिमी, तरी अंतर ०.०१२ मिमी उरतं. १७ मायक्रॉनच्या कामाला तेही पुरत नाही.

उपाय दोन आहेत. क्वाड्रॅटिक एलिमेंट (प्रत्येक कडेच्या मध्यावरही नोड असलेले) वापरा आणि मधले नोड खऱ्या वक्रावर बसलेत याची खात्री करा. ॲन्सिसमध्ये त्यासाठी ‘स्ट्रेट साइडेड एलिमेंट्स’ हा पर्याय ‘नो’ असायला हवा. अशा वेळी २४ एलिमेंटलाही कंसापासूनचा फरक ०.०००१ मिमीच्या आसपास येतो. दुसरा उपाय, बुश आणि डोळा यांच्या परिघावर एकाच संख्येचे विभाग द्या आणि सुरुवातीचा बिंदू जुळवा, म्हणजे नोड समोरासमोर येतात. दोन्ही केले तर उत्तम.

सपाट जोड्यांत ही अडचण नाही. तिथे फक्त दोन्ही बाजूंचा मेश एकमेकांच्या दुपटीपेक्षा फार वेगळा नसावा, आणि वॉशरच्या कड्याच्या रुंदीत, म्हणजे साधारण साडेपाच मिमीत, निदान तीन-चार एलिमेंट असावेत.

पायरी ६: सॉल्व्ह करण्याआधीची स्थिती

आता ‘कनेक्शन्स’वर ‘कॉन्टॅक्ट टूल’ घाला आणि ‘इनिशियल इन्फर्मेशन’ काढा. प्रत्येक जोडीची सुरुवातीची स्थिती, फट, घुसलेलं अंतर आणि पिनबॉलची (जेवढ्या अंतरापर्यंत सॉल्व्हर समोरचा पृष्ठभाग शोधतो त्या गोलाची) त्रिज्या तक्त्यात येते. रंगांचा अर्थ असा. लाल: जोडी बॉन्डेड किंवा नो सेपरेशन आहे पण उघडी आहे. हे दुरुस्त केल्याशिवाय पुढे जायचं नाही. पिवळा: फ्रिक्शनल वगैरे जोडी उघडी आहे. मुद्दाम ठेवलेली फट असेल तर ठीक, नाहीतर चूक. नारिंगी: जोडी बंद आहे पण फट किंवा घुसणं मोठं आहे. राखाडी: ती बाजू निष्क्रिय आहे, जे सॉल्व्हरने जोडीची एकच बाजू वापरायचं ठरवलं की आपोआप होतं. राखाडी बघून घाबरू नका. त्याच जोडीची दुसरी बाजू चालू आहे ना एवढं पाहा.

बॉन्डेड जोडी लाल आली की सरसकट पिनबॉल वाढवून मोकळं होण्याचा मोह होतो. आधी फट किती ते बघा. ०.०२ मिमी असेल तर पिनबॉल ०.१ करायला हरकत नाही. १ मिमी असेल तर परत कॅडमध्ये जा. मोठ्या पिनबॉलमध्ये शेजारचे फेसही ओढले जातात, आणि फटीवरून पेनल्टी पद्धतीने, म्हणजे काल्पनिक स्प्रिंगांनी, बांधलेला जोड वळताना खोटा प्रतिकार दाखवतो. फटीसह बांधणं भागच असेल तर फॉर्म्युलेशन एमपीसी (नोडांना समीकरणांनी बांधणारी पद्धत) घ्या.

फ्रिक्शनल सपाट जोडीत बारीक फट असेल तर इंटरफेस ट्रीटमेंट ‘ॲडजस्ट टू टच’ करा. वॉशरच्या जोड्यांना हे चालतं. बुशला हे कधीही देऊ नका. ते जसं फट बुजवतं तसाच इंटरफेरन्सही पुसतं. बुशला ‘ॲड ऑफसेट, रॅम्प्ड इफेक्ट्स’ हवं आणि आकडा ०.०१७५ मिमी. ०.०३५ हा व्यासावरचा आकडा आहे, ऑफसेट मात्र पृष्ठभागाला लंब मोजतात, म्हणून निम्मा.

अबॅकस वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अबॅकस स्टँडर्डमधला जनरल कॉन्टॅक्ट सुरुवातीचं लहान ओव्हरक्लोजर (पृष्ठभाग एकमेकांत घुसणं) ताण न देता आपोआप पुसून टाकतो. प्रेस फिट हवा असेल तर तसं वेगळं सांगावं लागतं. आणि टाय कन्स्ट्रेंटची (दोन पृष्ठभाग कायम बांधणाऱ्या अटीची) पोझिशन टॉलरन्स, म्हणजे किती अंतरापर्यंतचे नोड बांधायचे तो आकडा, दिली नाही तर ती मुख्य पृष्ठभागावरच्या एलिमेंटच्या ठरावीक आकाराच्या ५ टक्के धरली जाते. ३ मिमीच्या मेशला ०.१५ मिमी. त्यापलीकडचे नोड सुटे राहतात, रन मात्र थांबतोच असं नाही. सूचना डॅट फाइलमध्ये येते, ती उघडून वाचावी लागते.

पायरी ७: सुटा पार्ट पकडायचा सोपा प्रयोग

आधार, बळ, सगळं काढून टाका आणि मोकळ्या असेंब्लीचं मोडल ॲनॅलिसिस (कुठल्या वारंवारतेला ती कशी कंप पावते याचं गणित) चालवा. वीसेक मोड (कंपनाचे प्रकार) मागा. नीट जोडलेल्या असेंब्लीला शून्याजवळचे बरोबर सहा मोड मिळतात: तीन सरकण्याचे, तीन फिरण्याचे. सातवा मोड एकदम शेकडो हर्ट्झवर किंवा त्याहून वर जायला हवा. शून्याजवळ १२ मोड आले तर एक पार्ट पूर्ण सुटा आहे, १८ आले तर दोन. सात आले तर काहीतरी एकाच दिशेत मोकळं आहे, उदाहरणार्थ बुश स्वतःभोवती फिरतो आहे. त्या मोडचं ॲनिमेशन लावा, जो पार्ट एकटा हलतो तोच दोषी.

मोडलमध्ये कॉन्टॅक्ट सरळरेषी होतात हे मात्र ध्यानात असू द्या. ॲन्सिस टेकलेल्या फ्रिक्शनल जोडीला बॉन्डेड धरतं, टेकलेल्या फ्रिक्शनलेस जोडीला नो सेपरेशन धरतं, आणि या दोन्ही प्रकारांत फट असली तर जोडी मोकळी सोडतं. म्हणून वॉशरखाली ०.०२ मिमी फट राहिली असेल तर ती इथे नेमकी उघडी पडते.

हा प्रयोग खोट्या जोड्या पकडत नाही. त्यांच्यासाठी दुसरा आहे: फक्त बोल्ट आवळा आणि प्रत्येक जोडीतलं बळ मोजा. एम१२ चं ताण घेणारं क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिमी, ८.८ ग्रेडच्या बोल्टचा प्रूफ ताण (कायमचा न ताणता बोल्ट सोसतो तो ताण) ५८० मेगापास्कल. गुणाकार ४८.९ किलोन्यूटन, त्याच्या साधारण तीन-चतुर्थांश धरून प्रत्येक बोल्टला ३६ किलोन्यूटन द्या. दुसरं कुठलंही बळ न लावता सॉल्व्ह करा. मग प्रत्येक वॉशरच्या जोडीचं रिॲक्शन प्रोबने काढा. चारही वॉशरना, दोन्ही बाजूंनी, ३६ किलोन्यूटन यायला हवं, आणि ब्रॅकेट-प्लेट जोडीत दोन्ही बोल्टांचं मिळून ७२. एखाद्या वॉशरमध्ये २० आलं तर उरलेलं १६ किलोन्यूटन दुसऱ्या वाटेने गेलं, आणि ती वाट बहुतेक दांडा-होलाची बॉन्डेड जोडी असते. पहिल्या पायरीतला चौथा रकाना यासाठीच होता.

वॉशर आणि ब्रॅकेट यांचं संपर्कक्षेत्र २४ आणि १३.५ मिमी व्यासांमधलं कडं, म्हणजे ३०९ चौरस मिमी. सरासरी दाब ११६ मेगापास्कलच्या आसपास. चित्रात दाब आतल्या कडेला जास्त, बाहेर कमी दिसेल, ते योग्य आहे. एकाच बाजूला चंद्रकोरीसारखा दाब दिसला तर वॉशर तिरका बसला आहे.

आडव्या बळासाठी हाताचा हिशोब: ०.१५ × ७२ = १०.८ किलोन्यूटनपर्यंत ब्रॅकेट सरकू नये. आवळणं पहिल्या स्टेपमध्ये, दुसऱ्या स्टेपपासून बोल्ट लॉक, आणि आडवं बळ हळूहळू १२ किलोन्यूटनपर्यंत वाढवा. बळ ब्रॅकेट आणि प्लेटच्या सांध्याच्या पातळीजवळ लावा. वर डोळ्यावर लावलं तर उलथवणारा मोमेंट येतो आणि हिशोब गुंतागुंतीचा होतो. अकराच्या जवळपास जोड घसरला तर कॉन्टॅक्ट बरोबर. १२ वरही हलला नाही तर कुठेतरी काहीतरी चिकटलेलं आहे.

बुशचा हिशोबही हातानेच होतो. बुश डोळ्याइतकाच लांब, दोन्ही स्टील, ई (लवचिकतेचा गुणांक) २१० गिगापास्कल. जाड नळीच्या सूत्राने ३५ मायक्रॉनला संपर्कदाब सुमारे ६१ मेगापास्कल. डोळा खालून पायाला जोडलेला असल्याने तिथे थोडा फरक पडेल, वरच्या अर्ध्या भागात मात्र आकडा याच्या जवळ हवा. १२२ आला तर ऑफसेटमध्ये व्यासाचा आकडा पडला आहे. शून्य आला तर ॲडजस्टमेंटने इंटरफेरन्स पुसला. ठिपके-ठिपके आले तर पाचवी पायरी पुन्हा वाचा.

सॉल्व्हर अडला तर

‘इंटर्नल सोल्यूशन मॅग्निट्यूड लिमिट’ ओलांडल्याचा ॲन्सिसचा संदेश किंवा अबॅकसमधले ‘न्यूमेरिकल सिंग्युलॅरिटी’ आणि ‘झिरो पिव्हट’ हे इशारे बघून वीक स्प्रिंग (सुट्या पार्टांना नावापुरतं धरणाऱ्या मऊ स्प्रिंग) चालू करणं म्हणजे ताप उतरवून आजार झाकणं आहे. आधी मोडलचा प्रयोग करा. पार्ट सापडला आणि तो फक्त पहिल्या क्षणी, बोल्ट आवळायच्या आधी सुटा आहे असं दिसलं, तर ‘ॲडजस्ट टू टच’ पुरतं.

सगळं जोडलेलं असूनही उत्तर जुळत येऊन पुन्हा बिघडत असेल, तर नॉर्मल स्टिफनेसकडे, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांत घुसण्याला कॉन्टॅक्ट किती विरोध करतो त्या आकड्याकडे, वळा. ॲन्सिसमध्ये मूळ गुणक बॉन्डेड आणि नो सेपरेशनला १०, बाकीच्यांना १. पातळ, वाकणाऱ्या पार्टला ०.१ पर्यंत आणला तरी चालतो. मात्र गुणक कमी केला की पृष्ठभाग एकमेकांत जास्त घुसतात. म्हणून शेवटी गुणक दुप्पट करून एक रन घ्या. महत्त्वाच्या जागचा ताण एक-दोन टक्क्यांहून जास्त हलला तर आधीचा आकडा मऊ होता.

भूमिती बदलली की

ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली आणि भूमिती पुन्हा ओढली की फेसची ओळख हरवू शकते. काही जोड्यांवर प्रश्नचिन्ह येतं, ते निदान दिसतं. काही जोड्या अर्धेच फेस धरून शांत बसतात. त्याहून वाईट म्हणजे आपोआप शोध पुन्हा चालतो आणि कष्टाने काढून टाकलेल्या दांडा-होलाच्या जोड्या बॉन्डेड होऊन परत येतात. म्हणून भूमिती अपडेट झाल्यावर आपोआप जोड्या तयार करायचं सेटिंग बंद ठेवा, जोड्यांची संख्या १२ आहे का ते बघा, आणि ‘इनिशियल इन्फर्मेशन’ व ३६ किलोन्यूटनची तपासणी पुन्हा करा. मोडल आणि घसरण्याचा प्रयोग नुसत्या मापाच्या बदलाला दरवेळी लागत नाही. पार्ट वाढला, गेला किंवा फेस तुटले असतील तेव्हा मात्र तोही पुन्हा करा.